शनिवारचा वर्ग: पुण्यात इंजिनिअरिंगचं ऑनर्स करताना

थर्ड इयर सुरू होताना कॉलेजात ऑनर्सची, म्हणजे मूळ पदवीबरोबर करायच्या जादा अभ्यासक्रमांची, यादी लागते: आर्टिफिशियल इंटेलिजन्स-मशीन लर्निंग, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी, रोबोटिक्स वगैरे. फॉर्म भरायला जेमतेम काही दिवस मिळतात आणि तेवढ्यात बहुतेक जण ‘तू कुठलं घेतलंस?’ एवढं विचारून मोकळे होतात. विषय महत्त्वाचा आहेच. पण चार सत्रं हे ओझं कोणाबरोबर उचलायचं, हा प्रश्न त्याहून मोठा आहे आणि तो फॉर्म भरताना कोणाच्या डोक्यातही येत नाही. आम्ही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये (अभ्यासक्रमाच्या आराखड्यात) एआय-एमएलचं, म्हणजे आर्टिफिशियल इंटेलिजन्स-मशीन लर्निंगचं, ऑनर्स केलेली, वेगवेगळ्या शाखांची मंडळी. या काळात कामाचं जे हाती लागलं ते इथे मांडतो आहोत.

आधी हिशेब. बी.ई.च्या मूळ क्रेडिटांवर आणखी २० क्रेडिट म्हणजे ऑनर्स. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) आराखड्यात हा आकडा १८ ते २० असा आहे. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तास, प्रॅक्टिकलचं एक म्हणजे ३० तास. चार क्रेडिटचा पेपर आणि एक क्रेडिटची लॅब धरली की आठवड्याला चार लेक्चर आणि दोन तास लॅब. प्रत्येक शाखेचं टाइमटेबल वेगळं असल्यामुळे हे सहा तास आठवड्यात कुठेच एकत्र बसत नाहीत. मग ते शनिवारवर जातात, नाहीतर संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर. कागदावर सत्र पंधरा आठवड्यांचं असलं तरी शिकवायला बारा-तेराच हाती लागतात. पावसाळ्यातल्या सत्रात गणपती येतो, दुसऱ्या सत्रात गॅदरिंग आणि स्पोर्ट्स. बुडालेला शनिवार मग रविवारी भरून काढावा लागतो. घरचा अभ्यास आणि प्रोजेक्ट धरून आठवड्याचे दहा तास काढायची तयारी असेल तरच फॉर्म भरावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

फॉर्म भरताना तीन गोष्टी लेखी विचारून घ्या. सीजीपीए (सगळ्या सत्रांची सरासरी श्रेणी) आणि बॅकलॉगची (राहिलेल्या विषयांची) अट काय, तुकडी सुरू व्हायला किमान किती मुलं लागतात, आणि जादा फी आहे का. पुरेशी मुलं जमली नाहीत तर तो विषय चालतच नाही आणि तुम्ही आपोआप दुसऱ्या पसंतीवर जाता. म्हणून दुसरी पसंतीही मनापासून भरा. त्याच आठवड्यात अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे मिळवलेले क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा, बारा आकडी आयडी तपासा. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी असतं आणि आधारवर बहुतेकांचं शेवटी. कोणाच्या आधारवर वडिलांचं नावच नसतं. नाव जुळलं नाही की क्रेडिट खात्यावर दिसत नाहीत आणि हे लक्षात येतं थेट फायनल इयरला. आधारची दुरुस्ती सुट्टीत करून टाकलेली बरी.

वर्गात पहिल्या दिवशी जी गर्दी दिसते ती वर्ग म्हणावा अशी नसते. कॉम्प्युटरवाले पुढे एका कोपऱ्यात, ईअँडटीसीवाले (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) मध्ये, मेकॅनिकल आणि सिव्हिलची मंडळी मागच्या बाकांवर. यातला एक बारकावा बऱ्याच जणांना उशिरा कळतो: २०१९ च्या पॅटर्नमध्ये हाच अभ्यासक्रम कॉम्प्युटर, आयटी, ईअँडटीसी यांच्यासाठी ऑनर्स म्हणून नोंदला जातो आणि इतर शाखांसाठी मायनर (दुसऱ्या शाखेतला जोडविषय) म्हणून. वर्ग एक, पेपर एक, सर-मॅडम तेच; मार्कशीटवरचा शब्द वेगळा. आपली नोंद कुठल्या नावाने होते आहे हे ऑनर्सच्या कोऑर्डिनेटरकडून पहिल्याच महिन्यात समजून घ्या. इंटरव्ह्यूत ‘ऑनर्स’ म्हणून सांगायचं आणि कागदावर ‘मायनर’ असायचं, हे बरं दिसत नाही. नव्या आराखड्यात बहुविद्याशाखीय मायनर मूळ पदवीच्याच क्रेडिटांत धरलेलं आहे आणि ऑनर्स त्याच्यावर जादाचं. त्यामुळे आत्ता प्रवेश घेतलेल्यांनी सीनियरचं ऐकून न चालता स्वतःच्या पॅटर्नचं पत्रक वाचावं.

शाखेशाखेचे हे कोपरे पहिल्या दोन-तीन शनिवारांत मोडले नाहीत तर मग चार सत्रं मोडत नाहीत. लॅबचे गट जाहीर व्हायच्या आत कोऑर्डिनेटरकडे जाऊन सांगावं की गट मिश्र करा. चार जणांचा गट सगळ्यात सोयीचा: एक कोड लिहिणारा, एक गणित पक्कं असलेला, आणि निदान एक असा की ज्याला डेटा ज्या यंत्रातून किंवा ज्या जागेतून आलाय ते यंत्र, ती जागा कळते. पाच जण झाले की एक जण हमखास नुसता सहीपुरता उरतो. तीन असले की एकाच्या इंटर्नशिपमध्ये सगळं बसकण मारतं.

गणिताचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पहिल्या सत्रात गळणारे इथेच गळतात. सुरुवात प्रोबॅबिलिटी आणि स्टॅटिस्टिक्सने होते. काही शाखांच्या एम-थ्रीमध्ये (गणिताच्या तिसऱ्या पेपरात) हा भाग झालेला असतो, काहींच्या नसतो. आणि डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेली जी मंडळी असतात, त्यांचं एम-वन, एम-टू झालेलंच नसतं. ती हुशार असतात, हाताने काम केलेली असतात, लॅबमध्ये सोल्डरिंगपासून वायरिंगपर्यंत सगळं त्यांना येतं; पण ‘पार्शियल डेरिव्हेटिव्ह’ म्हटलं की पेन थांबतं. त्यातले बरेच जण मराठी माध्यमातले, त्यामुळे शंका इंग्रजीत विचारायचा संकोच वेगळाच. यावर वर्गातल्या वर्गात उपाय आहे. लेक्चरच्या आधी पाऊण तास रिकाम्या वर्गात बसायचं, फळ्यावर एकच गणित घ्यायचं आणि ते मराठीत समजावायचं. पहिल्या महिन्यात चेन रूल, पार्शियल डेरिव्हेटिव्ह, मेट्रिक्सचा गुणाकार आणि बेजचा नियम, एवढ्या चार गोष्टी पक्क्या झाल्या तर ग्रेडियंट डिसेंट (मॉडेलची चूक पायरीपायरीने कमी करत जायची पद्धत) डोळ्यांसमोर उलगडतं. समजावणाऱ्याचा वेळ जातो असं वाटतं, पण ओरलला सगळ्यात चांगली उत्तरं तोच देतो.

२०१९ च्या पॅटर्नमधल्या परीक्षेच्या रचनेतच एक खड्डा आहे. इनसेम (सत्राच्या मधली परीक्षा) ३० मार्कांची, पहिल्या दोन युनिटवर. एंडसेम (सत्राच्या शेवटची) ७० मार्कांची, तिसऱ्या ते सहाव्या युनिटवर. म्हणजे इनसेम झाली की पहिली दोन युनिट पुन्हा विचारली जाणार नाहीत, हे सगळ्यांना माहीत असतं. नेहमीच्या विषयांत हे खपून जातं. ऑनर्समध्ये खपत नाही, कारण पुढच्या सत्राचा पेपर याच्याच डोक्यावर उभा असतो. पहिल्या दोन युनिटांतलं कंडिशनल प्रोबॅबिलिटी सोडून दिलं की पुढे नाइव्ह बेज (त्याच नियमावर उभी असलेली वर्गीकरणाची पद्धत) पाठ करावं लागतं. इनसेम संपल्यावर दोन्ही युनिटांची हाताने लिहिलेली चार पानं करून ठेवा आणि पुढच्या सत्राच्या पहिल्या शनिवारी तीच उघडा. एंडसेमच्या पेपरात प्रत्येक युनिटवर दोन प्रश्न असतात आणि त्यातला एकच सोडवायचा असतो; त्यामुळे युनिट ऑप्शनला टाकता येत नाही, पण युनिटातला काही भाग टाकता येतो. ऑनर्सच्या विषयांना तयार गाइडं कमी मिळतात. अप्पा बळवंत चौकात नेहमीच्या विषयांची चळत लागलेली असते, ऑनर्सचं पुस्तक मात्र शोधावं लागतं. जुन्या प्रश्नपत्रिका गटाने वाटून घेऊन सोडवणं हाच खरा मार्ग.

लॅबमध्ये सगळ्यात जास्त फसगत आकड्यांची होते. दोन उदाहरणं जवळून पाहण्यासारखी आहेत.

पहिलं बेअरिंगचं. मेकॅनिकलवाले असले की व्हायब्रेशनवरून बेअरिंगमधला दोष ओळखायचा प्रोजेक्ट हमखास निघतो. केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचा डेटा मोफत मिळतो, त्यामुळे सोयही होते. एकेका बेअरिंगचं लांबलचक रेकॉर्डिंग घेऊन त्याचे १,०२४ किंवा २,०४८ रीडिंगचे तुकडे करतात, सगळे तुकडे मिसळतात, ८० टक्के ट्रेनिंगला (मॉडेलला शिकवायला) आणि २० टक्के टेस्टिंगला (तपासायला) देतात. अचूकता ९९ टक्क्यांच्या आसपास येते आणि गट खूश. पण एकाच रेकॉर्डिंगचे शेजारशेजारचे तुकडे दोन्हीकडे गेलेले असतात. मॉडेल दोष ओळखत नसतं, ते बेअरिंगच ओळखत असतं. कॉम्प्युटरच्या मुलाला हे दिसत नाही, कारण त्याच्या लेखी तो नुसता तक्ता असतो. मेकॅनिकलची मुलगी लगेच विचारते, ‘अरे, कारखान्यात नवं बेअरिंग आलं तर?’ उत्तर असं की काही बेअरिंग किंवा काही लोडची रेकॉर्डिंग पूर्णपणे बाजूला ठेवायची आणि फक्त टेस्टिंगला वापरायची. सायकिट-लर्न या पायथनच्या लायब्ररीत अशा गटवार वाटणीसाठी ग्रुप-के-फोल्ड आहे. आकडा खाली येतो, कधी बराच खाली येतो, आणि तोच खरा असतो. एक्स्टर्नलसमोर (बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर) खाली आलेला आकडा कारणासकट सांगणाऱ्या गटाला चांगले मार्क पडतात, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं.

दुसरं आपल्या धरणांचं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांची मिळून क्षमता २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट). पावसाळ्यात रोजचा साठा पेपरात येतो, त्यामुळे ‘उद्याचा साठा किती’ हा प्रोजेक्ट सिव्हिलवाल्यांना सुचतोच. इथेही दिवस मिसळून वाटणी केली की कालचा दिवस ट्रेनिंगमध्ये आणि आजचा टेस्टिंगमध्ये जातो. वाटणी वर्षांप्रमाणेच करायची: आधीची वर्षं शिकायला, नंतरची तपासायला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मॉडेल करायच्या आधी ‘उद्याचा साठा आजच्याइतकाच’ असं धरून चूक काढायची. उन्हाळ्यात साठा रोज थोडाथोडाच उतरतो, त्यामुळे या साध्या अंदाजाचीही चूक फार थोडी असते, आणि तिला न हरवणारं मॉडेल कितीही थरांचं असलं तरी कामाचं नाही. मग सिव्हिलचा माणूस खरी गोम सांगतो. धरण भरत आलं की दरवाजे उघडून मुठेत विसर्ग सोडतात. हा माणसांनी घेतलेला निर्णय असतो, नुसत्या पावसाच्या आकड्यांवरून मॉडेलला तो कळायचा नाही. म्हणून साठ्याऐवजी येव्याचा, म्हणजे धरणात येणाऱ्या पाण्याचा, अंदाज करायचा. येवा काढायचा तो असा: साठ्यातला फरक, अधिक विसर्ग आणि कालव्यात सोडलेलं पाणी, अधिक बाष्पीभवन. आणि पाऊस शिवाजीनगरचा घेऊन चालत नाही, घाटमाथ्याजवळच्या पाणलोटाचा लागतो. टेमघरला शहराच्या कितीतरी पट पाऊस पडतो. एवढं समजल्यावर साधं लिनियर रिग्रेशनसुद्धा (सरळ रेषेचा अंदाज) अर्थाचं बोलायला लागतं.

असमतोल डेटाबद्दल थोडक्यात: हजार नोंदींत ९५० ठीक आणि ५० बिघाडाच्या असतील, तर सगळ्यांना ‘ठीक’ म्हणणारं मॉडेलही ९५ टक्के अचूक ठरतं, आणि पकडलेले बिघाड मात्र शून्य. रिकॉल (खऱ्या बिघाडांपैकी किती पकडले) न लिहिलेला तक्ता जर्नलमध्ये लावू नका.

मोफत कोलॅबवर (गुगलची ब्राउझरमध्ये कोड चालवायची सोय) चालू काम मध्येच तुटतं आणि तासाभराचं ट्रेनिंग वाया जातं. दर काही इपॉकनंतर (डेटावरच्या फेऱ्यांनंतर) वेट्स (मॉडेलने शिकलेले आकडे) ड्राइव्हवर सेव्ह होतील अशी ओळ पहिल्याच दिवशी घाला, आणि रँडम सीड (दर वेळी तेच उत्तर यावं म्हणून द्यायचा आकडा) ठरवून ठेवा. नाहीतर ओरलच्या दिवशी जर्नलमधला आणि स्क्रीनवरचा आकडा जुळत नाही आणि उत्तर देता देता घाम फुटतो. लायब्ररींची व्हर्जनं एका फाइलीत लिहून ठेवा. कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर बहुधा जुनी व्हर्जनं असतात, म्हणून एक्स्टर्नल यायच्या आदल्या दिवशी त्याच मशीनवर एकदा सगळं चालवून पाहणं सक्तीचं समजा.

सबमिशनचा आठवडा ऑनर्सवाल्यांना दुहेरी पडतो. आपल्या शाखेच्या फाइली आणि वर ऑनर्सचं जर्नल. सह्या घ्यायचे सर-मॅडम दुसऱ्या डिपार्टमेंटचे, त्यांच्या वेळा वेगळ्या. टर्मवर्कची (सत्रभराच्या प्रॅक्टिकल कामाची) सही प्रत्येक प्रॅक्टिकलनंतर त्याच शनिवारी घेतली तर हा आठवडा सुसह्य जातो. डिफॉल्टर लिस्टकडेही (हजेरी कमी असलेल्यांच्या यादीकडे) लक्ष हवं. ७५ टक्के हजेरी ऑनर्सला वेगळी मोजतात, आणि आठवड्याचे सगळे तास एकाच दिवशी असल्यामुळे दोन शनिवार बुडाले तरी टक्केवारी धाडकन खाली येते.

शनिवारच्या या दिवसालाही एक शिस्त लावावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये ढोल-ताशा पथकांचा सराव नदीकाठी सुरू झालेला असतो, नाटकवाल्यांची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेची तालीम चालू असते, आणि ही मंडळी ऑनर्समध्येही असतात. त्यांना ‘पथक सोड’ म्हणणं आम्हाला पटत नाही. पुण्यात शिकायचं आणि पथक, नाटक, ट्रेक काहीच करायचं नाही, हे कसलं शिकणं? त्यांच्यासाठी लेक्चरच्या नोट्स त्याच रात्री ग्रुपवर टाकायच्या आणि त्या बदल्यात एंडसेमच्या आधीचं एक युनिट त्यांनी सगळ्यांना शिकवायचं, हा सौदा छान चालतो. वाघोली, आंबेगाव, आकुर्डीसारख्या ठिकाणी कॉलेज असलं की शहराच्या दुसऱ्या टोकाहून येणाऱ्यांचा दीड तास पीएमपीएमएलच्या बसमध्ये जातो. त्यांना लॅबचा दुसरा स्लॉट मिळवून द्यावा. होस्टेलवाल्यांची अडचण निराळी: लॅब लांबली की मेस बंद होते. डबा आणणाऱ्यांनी एक पोळी जास्त आणायची पद्धत आमच्या तुकडीत होती. शाखाशाखांमधली भिंत त्या डब्यांनी जितकी पाडली तितकी कुठल्या आइस-ब्रेकिंगने पाडली नसती.

फायनल इयरला सगळ्याची परीक्षा होते. सातव्या सत्रात प्लेसमेंट सुरू होते, कंपन्यांच्या टेस्ट शनिवारीच लागतात. आठव्या सत्रात जानेवारीपासून पूर्ण वेळ इंटर्नशिप मिळाली की लेक्चरला बसायचं कसं, हा प्रश्न उभा राहतो. ऑनर्स सोडणारे इथे सोडतात. इंटर्नशिपचं पत्र हातात येताच कोऑर्डिनेटरला भेटा, हजेरीबद्दल काय सवलत आहे ते लेखी घ्या आणि कंपनीतल्या मॅनेजरला ओरल आणि परीक्षेच्या तारखांची कल्पना द्या. शेवटच्या सत्रात सेमिनारही असतो. त्याचा विषय सातव्या सत्राच्या सुट्टीत ठरवावा आणि तो शक्यतो आपल्या बी.ई. प्रोजेक्टच्या जवळचा असावा, म्हणजे पेपर-वाचन एकदाच करावं लागतं. दहा पेपर वरवर वाचण्यापेक्षा तीन पेपर असे वाचा की त्यातला एक तरी आकडा स्वतः काढून दाखवता येईल.

प्लेसमेंटला याचा उपयोग होतो का, हे सगळेच विचारतात. कंपनीची गाळणी बहुतेक वेळा शाखा आणि मूळ सीजीपीए यांवर लागते, आणि ऑनर्सचे क्रेडिट सहसा त्या सीजीपीएत धरलेले नसतात. म्हणजे गाळणीत फायदा थोडा. इंटरव्ह्यूच्या खुर्चीत बसल्यावर मात्र फरक पडतो: मेकॅनिकलची मुलगी बेअरिंगचा डेटा कसा वाटला ते दहा मिनिटं सांगू शकते, तेव्हा समोरचा माणूस पेन खाली ठेवून ऐकतो. ज्यांचा मूळ शाखेतला बॅकलॉग साचत चाललाय त्यांनी मात्र ऑनर्स वेळेवर सोडावं. मूळ पदवी त्याने अडत नाही, आणि सोडणाऱ्याला ग्रुपमधून काढून टाकायचं नाही, एवढं वर्गाने पाळावं.

शेवटच्या ओरलनंतर ज्युनियर फोल्डर मागायला येतात. त्यांना तयार कोड देऊ नका. तोच कोड पुढच्या वर्षी तसाच छापला जातो आणि एक्स्टर्नलला पहिल्या पानावर ओळखू येतो. डेटा कुठून मिळवला, त्यातल्या कुठल्या नोंदी काढल्या आणि का, कुठला प्रयत्न फसला, आणि युनिटवार सोडवलेल्या प्रश्नपत्रिका, एवढं द्या. स्वतःच्या मार्कशीटवर ऑनर्सचा किंवा मायनरचा उल्लेख आला आहे का, चारही सत्रांचे क्रेडिट खात्यावर जमा झाले आहेत का, हे निकाल लागल्याच्या आठवड्यातच पाहा. काही राहिलं असेल तर अर्जाला चारही सत्रांच्या मार्कशीटच्या झेरॉक्स जोडून तो परीक्षा विभागात द्या आणि पोच घ्या. पदवी प्रमाणपत्राचा फॉर्म त्यानंतर भरा.